श्टाइनहुडर मेर: उथळ सरोवर आणि त्याची वरखाली होणारी पाणपातळी

उत्तरवारा

हॅनोवरच्या वायव्येला साधारण तीस किलोमीटरवर श्टाइनहुडर मेर हे वायव्य जर्मनीतले सर्वांत मोठे सरोवर आहे. हॅनोवर आणि आसपास राहणारी मराठी कुटुंबे उन्हाळ्यात एखादा रविवार तिथे काढतातच. २०१८ नंतर मात्र तिथून परतणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येते, ते म्हणजे ‘सरोवर आटत चालले आहे’. हे वाक्य कितपत खरे आहे आणि कोणत्या अर्थाने खरे आहे, याची नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी भूगोल पाहू. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे, लांबी साधारण ८ किलोमीटर आणि रुंदी साडेचार किलोमीटरांच्या आसपास. समुद्रसपाटीपासून उंची ३८ मीटर. इतक्या ऐसपैस जलाशयाची सरासरी खोली मात्र फक्त १.३५ मीटर आहे, आणि सर्वांत खोल जागीही ती तीन मीटरांपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे सरोवराच्या बऱ्याच मोठ्या भागात उंच माणूस उभा राहिला तर त्याचे डोके पाण्यावर राहील. (पाय कुठे जातील, हा वेगळा प्रश्न आहे, त्याविषयी पुढे चर्चा होईलच.)

दक्षिण काठावर, आग्नेयेकडे, श्टाइनहुडे आहे, म्हणजे धुरावलेल्या वाम माशाच्या दुकानांचे आणि पर्यटकांच्या गर्दीचे गाव. नैर्ऋत्येला हागेनबुर्ग आहे आणि तिथून एक छोटा कालवा सरोवरात येतो. उत्तरेला मार्डॉर्फ आहे. त्या काठाची जमीन वाळूची असून तिथे हिमयुगाच्या अखेरीस वाऱ्याने रचलेल्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्या आहेत. पूर्वेला टोटेस मोर ही विस्तीर्ण पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) दलदल पसरली आहे, जिथून दीर्घकाळ पीट काढले गेले. पश्चिमेला ओली कुरणे आणि बोरूची दाट बने आहेत, आणि त्यांच्या पलीकडे रेबुर्गच्या टेकड्या. या टेकड्या १६० मीटरांच्या आसपासच आहेत. हिमाची चादर या भागात पोहोचली होती ती शेवटच्याच्या आधीच्या हिमयुगात. शेवटच्या हिमयुगात हिमाची चादर इथपर्यंत आली नव्हती. त्यामुळे सरोवराचा खळगा नेमका कसा तयार झाला याबद्दल एकाहून अधिक मते आहेत. जुन्या हिमाने कोरलेला खळगा, गोठलेली जमीन वितळून खचणे आणि वाऱ्याने वाळू उडवून नेणे, अशी तीन कारणे प्रामुख्याने सांगितली जातात. हिमयुग सरल्यावर भूजलाची पातळी वर आली आणि त्या उथळ खळग्यात पाणी साठले, एवढे मात्र सर्वमान्य आहे.

पाण्याच्या दृष्टीने कळीची गोष्ट ही की या सरोवराला नाव घेण्याजोगी एकही नदी येऊन मिळत नाही. थेट पडणारा पाऊस, भूजल आणि आजूबाजूच्या कुरणांतले काही चर, एवढ्यावरच त्याची मदार आहे. बाहेर जाणारी वाट एकच, ती पश्चिमेकडून निघणारा मेरबाख हा ओढा. तो पुढे नीनबुर्गजवळ वेझर नदीला मिळतो. या ओढ्याच्या तोंडाशी एक बंधारा आहे आणि त्याच्या झडपेने पाणपातळी ‘राखली’ जाते, असे सांगितले जाते. राखली हा शब्द मी मुद्दाम अवतरणात घातला आहे, कारण ती झडप फक्त पाणी सोडू शकते किंवा अडवू शकते. पाऊसच आला नाही तर अडवण्याजोगे काही उरत नाही.

सरोवराच्या मध्याजवळ विल्हेल्मश्टाइन नावाचे बेट आहे, तेही मानवनिर्मित. शाउमबुर्ग-लिप्पेचा काउंट विल्हेल्म याने १७६० च्या दशकात होड्यांतून दगड आणून सरोवरात टाकवले आणि त्यावर किल्ला उभारला. पुढे प्रशियाच्या सैन्याची पुनर्रचना करणारा शार्नहोर्स्ट तिथल्याच सैनिकी शाळेत शिकला. पाणी खोल असते तर त्या काळच्या साधनांनी हे बेट उभे राहिले नसते. किल्ला बांधणाऱ्याने उथळपणाचा उपयोग करून घेतला, आणि आज त्याच उथळपणाची सगळ्यांना चिंता आहे.

माझे मत थोडक्यात मांडतो. ‘आटत चालले आहे’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात, त्या म्हणजे ऋतूनुसार होणारी चढउतार, लागोपाठच्या कोरड्या वर्षांनी आलेली तूट आणि तळाशी साचणारा गाळ. जाणकारांनी यात भर घालावी, ही विनंती.

पाणवठा

धागा उत्तम आहे. पाटबंधारे खात्याशी नोकरीनिमित्त बरीच वर्षे संबंध आल्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला राहवत नाही.

२९ चौरस किलोमीटर गुणिले १.३५ मीटर म्हणजे सुमारे ४ कोटी घनमीटर पाणी. आपल्या भाषेत सांगायचे तर सुमारे १.४ टीएमसी. खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी आहे. म्हणजे पुण्याजवळच्या साखळीतल्या त्या लहान धरणातही या अफाट दिसणाऱ्या सरोवरापेक्षा जास्त पाणी मावते. धरणाच्या पाण्याला खोली असते, म्हणून बाष्पीभवनाचा फटका साठ्याच्या मानाने कमी बसतो. इथे सगळा पसाराच आहे.

पातळी एक सेंटिमीटरने उतरली की २ लाख ९० हजार घनमीटर पाणी गेले असे समजावे. उत्तर जर्मनीतल्या उन्हाच्या, वाऱ्याच्या दिवशी उघड्या पाण्यावरून ५ मिलिमीटरपर्यंत बाष्पीभवन सहज होते. तसे तीस दिवस पावसाविना गेले की पंधरा सेंटिमीटर पाणी हवेत जाते आणि झडप घट्ट बंद असली तरी त्यात काही फरक पडत नाही.

आता वर्षाचा ढोबळ हिशेब पाहा. त्या भागात वर्षाला ६५० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यापेक्षा तो थोडा कमी आहे आणि बाराही महिन्यांत विखुरलेला असतो. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत त्यातला निम्मा, म्हणजे ३३० मिलिमीटर धरू. याच काळात बाष्पीभवन ५०० मिलिमीटरांच्या आसपास होते. तूट आली १७ सेंटिमीटर. ही नेहमीची, दर वर्षीची तूट झाली. ऑक्टोबर ते मार्च या काळात पाऊस जवळजवळ तेवढाच पडतो, पण बाष्पीभवन बरेच कमी असते. त्यामुळे तितकीच भर पडते आणि खाते मिटते.

कोरड्या वर्षी उन्हाळी पाऊस निम्म्यावर आला आणि उन्हामुळे बाष्पीभवन थोडे वाढले, तर तूट ३५ ते ४० सेंटिमीटरांवर जाते. भूजलातून काही भर येते हे मान्य, पण कोरड्या वर्षी तेही खाली गेलेले असते. हिवाळ्यातली १७-१८ सेंटिमीटरांची भर ही तूट एकट्याने भरून काढू शकत नाही. म्हणून एक कोरडा उन्हाळा सरोवर सोसते, पण लागोपाठ दोन आले की दुसऱ्या वर्षाची सुरुवातच तुटीने होते. २०१८, २०१९ आणि २०२० ही तिन्ही वर्षे जर्मनीत पाठोपाठ कोरडी गेली, आणि २०२२ चा उन्हाळाही तसाच होता. लोकांच्या मनात ‘आटत चालले आहे’ हे का बसले, ते यावरून कळते.

सुकाणू

मी त्या सरोवरात शिडाची होडी चालवतो, त्यामुळे पाणवठा यांचे ३५-४० सेंटिमीटर प्रत्यक्षात कसे दिसतात ते सांगू शकतो.

श्टाइनहुडेच्या धक्क्यांचे लाकडी खांब पाहावेत. त्यांच्यावर नेहमीच्या पाणपातळीची एक गडद हिरवट रेघ असते. कोरड्या वर्षी ऑगस्टमध्ये ही रेघ पाण्याच्या बरीच वर, उन्हात वाळून करडी पडलेली दिसते. खांबांच्या बुडाशी एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो, आणि धक्क्यावरून होडीत उतरणे म्हणजे मोठी पायरी उतरल्यासारखे होते. बोरूच्या बनांच्या कडेला मुळ्यांचे जाळे उघडे पडते आणि त्यावर तपकिरी, कोरडा साय धरलेला चिखल तडकलेला असतो.

ज्या होड्यांच्या तळाला कायमचा जड कणा आहे, त्यांची खरी अडचण होते. ज्यांचे पाते वर ओढून घेता येते, ते मार्ग काढतात. कायमचा कणा असलेल्यांना मात्र हंगाम संपण्याची वाट न पाहता होडी क्रेनने बाहेर काढावी लागते, कारण पाणी आणखी उतरले तर ती धक्क्यापाशीच रुतून बसते. अशा वेळी आमच्या क्लबच्या सूचनाफलकावर पाणपातळीचा आकडा हवामानाच्या आधी लिहिला जातो.

पारंपरिक लाकडी प्रवासी होड्या सपाट तळाच्या असतात. पर्यटकांना विल्हेल्मश्टाइनला नेणाऱ्या या होड्यांची घडण पाहिली की हे सरोवर पूर्वीपासूनच उथळ होते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

एक शंका आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या ठिकाणी आम्ही बिनधास्त जात होतो, तिथे आता पातळी नेहमीची असतानाही तळ लागतो. हे पाण्याचे काम आहे की गाळाचे?

मृदगंध

सुकाणू यांनी विचारलेला प्रश्न मलाही पडला होता. बातम्यांत कधी ‘पाणी कमी’ असते तर कधी ‘गाळ जास्त’. दोन्हींचा परिणाम होडीवाल्याच्या दृष्टीने एकच असला तरी उपाय वेगळे असणार. उत्तरवारा, यावर विस्ताराने लिहाल का?

उत्तरवारा

पाणवठा यांचे आकडे लोकांना दाखवण्यासारखे आहेत, त्यांचे आभार.

गाळाबद्दल लिहितो. या सरोवराच्या तळाचा मोठा भाग मऊ, काळपट, सेंद्रिय गाळाने व्यापलेला आहे. काही ठिकाणी त्याची जाडी वरच्या पाण्याच्या खोलीहून अधिक आहे. हा गाळ नदीने आणलेला नाही, कारण नदीच नाही. तो बराचसा सरोवरातच तयार होतो. शैवाल वाढते, मरते, तळाशी बसते. काठच्या बोरूची पाने आणि पीट दलदलीकडून येणारे बारीक कण त्यात भर घालतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या धरणांत पुराबरोबर वाहून येणारी माती जशी साचते, तसा हा प्रकार नाही. इथे पाणलोटात झाडे लावून गाळ थांबत नाही. पाण्यात पोसद्रव्ये, विशेषतः फॉस्फरस, कमी येईल तितका तो कमी तयार होतो.

शिवाय गाळ एका जागी राहत नाही. पाणी इतके उथळ आहे की जरा जोराचा वारा आला की लाटांचा धक्का तळापर्यंत पोहोचतो, गाळ ढवळून वर येतो आणि लाटा कमी असतील अशा आडोशाच्या जागी, म्हणजे धक्क्यांच्या आत, बंदरांच्या तोंडाशी, बोरूच्या कडेला जाऊन बसतो. सुकाणू यांना जिथे तळ लागतो ती जागा बहुधा अशीच असावी. सरोवराची सरासरी खोली फारशी बदललेली नसतानाही नेमक्या वापराच्या जागा भरत जातात त्या याच कारणाने. कित्येक दशकांपासून ड्रेजरने गाळ उपसून काठाजवळ बांध घालून केलेल्या खाचरांत सोडला जातो. त्याला खर्च मोठा येतो आणि गाळ टाकायला नवी जागा शोधणे हा दर वेळी वादाचा विषय होतो, कारण काठाची बहुतेक जमीन संरक्षित आहे.

वनस्पतींचा मुद्दाही इथेच येतो. काही वर्षी पाणी अचानक स्वच्छ होते, उजेड तळापर्यंत जातो आणि एलोडिया ही पाणवनस्पती इतकी माजते की होड्यांचे मार्ग कापून मोकळे करावे लागतात. पुढे काही वर्षांनी ती नाहीशी होते आणि पाणी पुन्हा गढूळ होते. उथळ सरोवरांचा हा स्वभावच आहे. त्यांच्या दोन अवस्था असतात, एक वनस्पतींची आणि एक शैवालाची, आणि मधल्या अवस्थेत ती फार काळ राहत नाहीत. वनस्पतींनी भरलेले सरोवर निसर्गाच्या दृष्टीने बहुधा अधिक निरोगी असते, पण होडीवाल्यांना ते ‘बिघडलेले’ वाटते. पाणी उतरलेले असताना वनस्पती माजल्या की दोन्ही गोष्टींचे खापर पाणपातळीवर फुटते.

तेव्हा मृदगंध, पातळी म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि खोली म्हणजे पृष्ठभाग व तळ यांतले अंतर. पावसाळी हिवाळ्याने पातळी पूर्ववत होते, तळ होत नाही. बातमीत ‘पाणी परत आले’ असे लिहिलेले असते ते पातळीपुरते खरे असते.

कालवेकर

मला एक साधा उपाय सुचतो. सरोवराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवरून मिटेललँड कालवा जातो. त्यात मालवाहू जहाजे चालतात, म्हणजे पाणी भरपूर असणार. तिथून एक चर किंवा नळ काढून सरोवर का भरून घेत नाहीत? आपल्याकडे एका खोऱ्यातले पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेताना डोंगर पोखरले जातात, इथे तर सगळे सपाट मैदान आहे.

पाणवठा

कालवेकर, तुमची सूचना अभियांत्रिकीच्या दृष्टीने अजिबात अवास्तव नाही. मिटेललँड कालव्याचा तो टप्पा समुद्रसपाटीपासून सुमारे ५०.३ मीटरवर आहे आणि सरोवर ३८ मीटरवर. बारा मीटरांचा उतार मिळतो, म्हणजे पंपाचीही गरज नाही. पाणीही फार लागणार नाही. तीस सेंटिमीटरांची तूट भरायची तर ८७ लाख घनमीटर हवेत. ते तीन महिन्यांत विभागले तर सेकंदाला १.१ घनमीटर, म्हणजे अवघे चाळीस क्युसेक. आपल्याकडे एखादी वितरिका याहून जास्त पाणी वाहून नेते.

अडचण पाण्याच्या प्रतीची आहे. त्या टप्प्यातल्या कालव्याला बरेचसे पाणी मिंडेन येथे वेझर नदीतून पंपाने उचलून दिले जाते. वेझरच्या वरच्या अंगाला वेरा नदीच्या काठी पोटॅशच्या खाणी आहेत आणि त्यांच्या खाऱ्या सांडपाण्यामुळे वेझर गोड्या नदीच्या मानाने खारट झालेली आहे. त्यात शेतीतून येणारी नायट्रेट-फॉस्फेटची भर. पावसावर आणि भूजलावर पोसलेल्या, शेजारी पीट दलदल असलेल्या सरोवरात असे पाणी सोडणे म्हणजे शैवालाला आयते खाद्य देण्यासारखे आहे. शैवाल वाढले की उत्तरवारा यांनी सांगितल्याप्रमाणे गाळ वाढणार. पातळी तीस सेंटिमीटर वर येईल, तळही हळूहळू वर येऊ लागेल.

शिवाय उन्हाळ्यात सरोवराला पाणी हवे असते तेव्हाच वेझरही उतरलेली असते आणि तिच्यावर जहाजांचा, शेतीचा व नदीतल्या जिवांचा हक्क आधीचा असतो. फॉस्फरस काढून टाकणारा शुद्धीकरण प्रकल्प मध्ये बसवता येईल, पण मिठाचे काय करणार? चाळीस क्युसेक पाण्यातले मीठ काढण्याचा खर्च कोणी होड्यांसाठी करील असे मला वाटत नाही.

भूस्तर

चर्चा वाचून दोन शेजारच्या उदाहरणांची आठवण झाली. ‘उत्तर जर्मनीतली सरोवरे आटत आहेत’ असे सरसकट बोलले जाते, ते किती दिशाभूल करणारे आहे हे त्यांवरून दिसते.

पहिले आरेंडझे, सॅक्सनी-आनहाल्ट राज्याच्या उत्तर भागातले. क्षेत्रफळ जेमतेम ५ चौरस किलोमीटर, म्हणजे श्टाइनहुडर मेरच्या सहाव्या भागाइतके. पण सर्वांत खोल जागी ते ५० मीटरांच्या जवळ जाते आणि सरासरी खोली २९ मीटरांच्या आसपास आहे. गुणाकार केला तर १५ कोटी घनमीटरांच्या घरात पाणी भरते, साधारण पाच टीएमसी. म्हणजे सहाव्या भागाच्या पृष्ठभागाखाली साडेतीन पटींहून जास्त पाणी. याचे कारण जमिनीखालच्या मिठाच्या घुमटात आहे. मीठ विरघळून पोकळ्या झाल्या आणि वरची जमीन खचली. १६८५ मध्ये काठाचा एक मोठा तुकडा पवनचक्कीसह सरोवरात गेल्याची नोंद आहे. तिथे चाळीस सेंटिमीटर पाणी कमी झाले तर काठावरच्या माणसाला कळेल, सरोवराला फारसे कळणार नाही. तिथला खरा प्रश्न फॉस्फरसचा आणि निळ्या-हिरव्या शैवालाचा आहे, पातळीचा नव्हे.

दुसरे बर्लिनच्या पूर्वेचे श्ट्राउसझे. ब्रांडेनबुर्गमधले हे लांबट, हिमयुगीन, बऱ्यापैकी खोल सरोवर. त्याची पातळी गेल्या दशकभरात एक मीटरहून अधिक उतरली, आणि ती दर हिवाळ्यात परत येत नाही, हा मोठा फरक आहे. तिथे सरोवर म्हणजे भूजलाच्या पातळीचेच उघडे दर्शन आहे. भूजल खाली गेले की सरोवर खाली जाते. कोरडी वर्षे किती जबाबदार आणि पिण्यासाठी होणारा भूजल उपसा किती जबाबदार, यावर गावात तीव्र वाद आहे. ग्र्यूनहाइडे येथील टेस्लाच्या कारखान्याला पाणी देणारी संस्था तीच असल्यामुळे वादाला आणखी धार आली, पण कारखाना सुरू झाला २०२२ मध्ये आणि पातळीची घसरण त्याच्या कितीतरी आधीची आहे.

तिन्ही सरोवरे एकाच पट्ट्यातली, ढगही बहुधा तेच, पण दुखणी वेगळी. श्टाइनहुडर मेरला बंधारा आहे, श्ट्राउसझेवर झडप बसवून काही साधणार नाही आणि आरेंडझेला झडपेची फिकीर नाही.

रानवाट

सगळी चर्चा होडीच्या बाजूने चालली आहे, म्हणून काठाच्या बाजूने थोडे लिहिते.

हे सरोवर १९७६ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आहे आणि त्याच्या भोवतीचा निसर्ग उद्यानाचा पट्टा १९७४ चा. हिवाळ्यात आणि स्थलांतराच्या काळात हजारो बदके, हंसक आणि पाणपक्षी इथे उतरतात. त्यांच्यासाठी उथळपणा ही तक्रार नाही, तोच तर आधार आहे. तळापर्यंत चोच पोहोचते म्हणून ते इथे येतात. पाणी थोडे उतरून चिखलाचे पट्टे उघडे पडले की चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची चंगळ होते.

मात्र ‘पाणी कमी झाले तरी पक्ष्यांना काय’ असे म्हणता येणार नाही. बोरूची बने काही महिने पाण्यात उभी असावी लागतात. वसंतातच त्यांच्या बुडाखालचे पाणी गेले तर कोल्हे आणि रानडुकरे घरट्यांपर्यंत चालत जातात. पश्चिमेकडची कुरणे हिवाळ्याच्या अखेरीस ओली राहिली नाहीत तर बेडकांची डबकी अंड्यांच्या आधीच सुकतात. माझ्या दृष्टीने ऑगस्टमधली पातळी तितकी महत्त्वाची नाही जितकी मार्च-एप्रिलमधली आहे, आणि वर्तमानपत्रे मात्र ऑगस्टमध्येच छायाचित्रकार पाठवतात.

माझा प्रश्न असा आहे की बंधाऱ्याची झडप हिवाळ्यात लवकर बंद करून जास्तीचे दहा-पंधरा सेंटिमीटर पाणी साठवून ठेवता येणार नाही का? कुरणांनाही हवे आहे, होडीवाल्यांनाही हवे आहे.

उत्तरवारा

रानवाटताई, हा प्रश्न धाग्याच्या गाभ्यापाशी नेणारा आहे. कागदावर ते जमते. दहा सेंटिमीटर म्हणजे २९ लाख घनमीटर, आणि पाणवठा यांच्या हिशेबाने कोरड्या उन्हाळ्यातले सुमारे तीन आठवडे त्यावर निघतात. प्रत्यक्षात तीन अडथळे आहेत.

पहिला म्हणजे काठ. सभोवतालचा प्रदेश इतका सपाट आहे की दहा सेंटिमीटर जादा पाणी पश्चिमेकडच्या कुरणांत खूप आत शिरते. संरक्षित कुरणांत ते चालेल, पण त्यांच्याच शेजारी शेते आहेत आणि तळमजल्यावर ओल येणारी घरे आहेत. दुसरा म्हणजे लाटा. हिवाळ्यातल्या पश्चिमी वादळांत पातळी जितकी वर, तितक्या लाटा काठाला आत खातात, आणि बोरूची बने मागे हटण्यामागे हेही एक कारण आहे. तिसरा म्हणजे अनिश्चितता. झडप बंद करण्याचा निर्णय फेब्रुवारीत घ्यावा लागतो आणि मे कसा जाईल हे फेब्रुवारीत कोणालाच ठाऊक नसते. सरोवर काठोकाठ भरून ठेवले आणि मग पाऊस लागला, तर मेरबाख हा लहानसा ओढा ते जादा पाणी चटकन वाहून नेऊ शकत नाही. २०२३ च्या नाताळात लोअर सॅक्सनीत लाइना, आलर, वेझर या नद्यांना पूर आले, तेव्हा ज्यांनी आधी ‘पाणी अडवा’ म्हटले होते त्यांतल्या काहींची भाषा ‘पाणी सोडा’ अशी झाली असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

तरीही माझा कल तुमच्या बाजूने आहे. सरासरी वर्ष गृहीत धरून ठरवलेली पातळी आता पुरेशी नाही, आणि पाच सेंटिमीटरांची सवलत जरी झडपेला दिली तरी वसंतातल्या बोरूच्या बनांना तिचा उपयोग होईल.

मृदगंध

उत्तम उत्तर. शेवटचा एक प्रश्न. यंदा जूनमध्ये श्टाइनहुडेला गेलो होतो तेव्हा धक्क्यापाशी पाणी फारच खाली गेलेले दिसले, पण त्याच आठवड्यात मार्डॉर्फच्या बाजूला, पश्चिमेकडच्या टोकाशी राहिलेले मित्र म्हणाले की पाणी नेहमीसारखेच होते. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे?

सुकाणू

दोघांचेही. त्या आठवड्यात वारा पूर्वेचा होता का, ते आठवून पाहा. परातीत पाणी घेऊन परात जराशी कलती केली की एका कडेला पाणी चढते आणि दुसऱ्या कडेला परातीचा तळ दिसतो, तसे वारा या सरोवराचे करतो. पश्चिमेचे जोरदार वादळ असले की पाणी श्टाइनहुडेच्या बाजूला चढते.

पाणवठा

सुकाणू यांचे बरोबर आहे, आणि याचा ढोबळ आकडाही काढता येतो. ताशी ५५ किलोमीटरचा वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेने काही तास वाहिला तर दोन टोकांच्या पातळीत वीस ते पंचवीस सेंटिमीटरांचा फरक पडतो. ताशी तीस किलोमीटरच्या वाऱ्याने पाच-सहा सेंटिमीटर पडतो. पाणी जितके उथळ तितका हा फरक मोठा, म्हणून पातळी उतरलेली असताना वाऱ्याचा खेळ आणखी वाढतो.

गंमत अशी की उत्तर जर्मनीत कोरडी, निरभ्र हवा असते तेव्हा वारा बऱ्याचदा पूर्वेकडूनच येतो. म्हणजे दुष्काळी आठवड्यात बाष्पीभवनाने पाणी उतरलेले असतेच, त्यात उरलेले पाणी वारा श्टाइनहुडेपासून दूर, पश्चिमेकडे ढकलतो, आणि पर्यटकांची सर्वाधिक गर्दी नेमकी श्टाइनहुडेच्या धक्क्यावर असते. कोणत्याही एका दिवसाचा आकडा पाहताना त्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा शेजारी लिहावी, आणि तुलना करायची तर वारा पडलेल्या पहाटेच्या आकड्यांचीच करावी.